तळ्याच्या वाघांचं स्थलांतर

एका जंगलात, मुलांनो, इतकी थंडी असे, की तिथल्या तळ्याला वर्षातले आठ महिने पाणी म्हणायची सोय नव्हती. त्या बर्फावर पाणमांजरांचा संघ हॉकी खेळायचा. संघाचं नाव 'तळ्याचे वाघ'. वाघ त्यात एकही नव्हता, पण संघाच्या नावाकडे इतकं बारकाईनं बघायचं नसतं.

तळ्याकाठी याकमावशी राहायची. रोज सकाळी ती झुबकेदार शेपटीनं बर्फ झाडायची. खेळायला चकती लागते, तीही मावशीचीच. तिची गोवरी थंडीत ठेवली, की दगडासारखी व्हायची. संघानं चांदीचा करंडक जिंकला, तेव्हा मावशी एवढी नाचली, की तळ्याला तडा गेला.

संघाचा मालक होता कोल्हाशेठ. एक दिवस त्यानं जाहीर केलं, की खालच्या गरम जंगलात प्रेक्षक जास्त आहेत, सबब संघ तिकडे हलवत आहोत. तिथं बर्फ कुठून आणणार, हे कुणी विचारलं नाही.

मावशी त्याच्या वाटेत उभी राहिली. "खेळाडू ने. नाव ने. करंडक मात्र ठेव. तो आमच्या डोळ्यांदेखत जिंकलाय."

"मावशी, इतिहाससुद्धा संघाबरोबर जातो," कोल्हा म्हणाला. "तो करंडक आता तिकडच्या माकडांनी जिंकलेला आहे."

मावशी ढसाढसा रडली. कोल्हा परत दिसला तर त्याची शेपटी उपटायची, अशी साऱ्या जंगलानं शपथ घेतली. पाच हिवाळे तळं रिकामं राहिलं. मावशी तरीही रोज बर्फ झाडत होती. मला तिची फार दया यायची.

सहाव्या हिवाळ्यात कोल्हा परत आला. त्याच्यामागे देवदारांच्या दरीतला सशांचा संघ होता, सामानसुमानासकट. शेपटीचा विषय कुणी काढला नाही. जो तो हार शोधायला धावला. मावशीनं सशांना ओवाळलं, कोल्ह्यालाही ओवाळलं आणि अकरा गोवऱ्या थापल्या. फाटकावर पाटी लागली, 'तीन करंडकांचे मानकरी'.

पहिल्या सामन्याला एक म्हातारी सांबरीण आली. दरीतून नऊ दिवस चालत आली होती. फाटकावर मावशीच बसली होती.

"माझे ससे इथं खेळतात ना?" सांबरिणीनं विचारलं. "त्यांचा बर्फ मी खुरांनी साफ करायचे. ते तिन्ही करंडक मी या डोळ्यांनी पाहिलेत."

मावशीनं तिचे फुटलेले खूर पाहिले. तिला सगळं समजलं. तेवढ्यात आत गोल झाला आणि जंगल दणाणून उठलं.

"पाहिले असतील, बाई," मावशी म्हणाली. "जिंकले मात्र आम्ही."

आणि तिनं सांबरिणीला अगदी मागची जागा दाखवली.

तात्पर्य: ज्याचं जळतं त्यालाच कळतं. म्हणून आपलं विझलं, की कळणं ताबडतोब बंद करावं.