ड्युटी लावणाऱ्यासाठी वांगी

"आपल्या नळालासुद्धा आठ दिवसांनी का होईना, पाणी येतं! हिला दोन महिन्यांत एक ड्युटी नाही!"

आधारभाऊ हे पुटपुटले चहाच्या कपात तोंड घालून. पण एसटीचा ड्रायव्हर पुटपुटला तरी मागच्या सीटपर्यंत ऐकू जातं! भिंतीपलीकडं संघमित्रा गणवेशाला इस्त्री करत होती, ती थांबली. मंदाबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, की त्यांनी उरलेला चहा गरम असतानाच गिळला.

संघमित्रा त्यांची लेक. एका छोट्या विमान कंपनीत को-पायलट. धंदा बसला, कंपनीनं उड्डाणं कमी केली आणि लेक धुळ्याला घरी येऊन राहिली. 'घरी बसली' असं मात्र कुणी म्हणायचं नाही. ती 'स्टँडबाय' होती! रोज संध्याकाळी मोबाईलवर उद्याची ड्युटी यायची, आणि त्यात हा एकच शब्द असायचा. म्हणजे गणवेश इस्त्री करायचा, केस बांधायचे आणि फोनकडं बघत दिवस काढायचा. ना पुरता पगार, ना दुसरीकडं अर्ज करायची परवानगी. अहो, गोठ्यात बांधलेल्या म्हशीलासुद्धा वैरण तरी टाकतात!

शेजारच्या भिकुबाईंनी एकदा विचारलंच, "स्टँडबाय म्हंजे कॅप्टनना बी वर शे का वं माय?"

"हो, जवळजवळ," मंदाबाई म्हणाल्या आणि घरात येऊन पातेलं इतकं घासलं, की त्याची कल्हई निघाली. त्या पातेल्याच्या जागी त्यांना कंपनी दिसत होती. एक भीती तिघांनाही होती, पण ओठांवर कुणी आणत नव्हतं.

"मला डोळे दाखवू नकोस!" आधारभाऊंनी रिकामा कप आपटला. "हयात गेली माझी स्टिअरिंगवर. ड्युटी काही आभाळातून पडत नाही. ड्युटी माणूस लावतो आणि माणसाला जीभ असते! आमच्या डेपोत तोताराम होता ड्युटी लावायला. वाकडा माणूस! पण भरताची वांगी घरी पोचली, की दुसऱ्या दिवशी ड्युटी सरळ!"

"अहो, ती एसटी. हे विमान."

"चाकं दोन्हीला आहेत ना?"

झालं! कंपनीचं विमान जळगावला येतं, म्हणजे ड्युटी लावणारा तिथंच बसत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाजारातून बामणोदची हिरवी, पोरीच्या गालांसारखी तुकतुकीत वांगी आणली. सोबत ठेच्याचा स्टीलचा डबा पोत्यात घातला. सुतळी सापडेना, म्हणून पोत्याचं तोंड जुन्या रेडिओच्या लाल वायरीनं आवळलं. थांबून सुतळी शोधणं त्यांच्या रक्तात नाही.

"कुठं निघालात?" संघमित्रानं विचारलं.

"जळगावला. लग्नाला."

"एवढी वांगी घेऊन?"

"तिकडं आहेरात देतात," मंदाबाई म्हणाल्या. नवरा भांडेल या धास्तीनं त्याही निघाल्या होत्या.

विमानतळाच्या दारात अभिमन हवालदारांनी अडवलं. "तिकीट?"

आधारभाऊंनी ऐटीत पास काढला.

"भाऊ, हा एसटीचा पास आहे."

"मग? सरकारीच आहे ना! ड्युटी लावणारे साहेब कुठं बसतात?"

हवालदारांनी कंपनीच्या नूतनला बाहेर बोलावलं. गळ्यात ओळखपत्र आणि डोळे सुजलेले, अशी ती पोरगी आली.

"काका, इथं कुणी ड्युटी लावत नाही. ती मोबाईलवर येते."

"मोबाईलवर कोण टाकतं?"

"सिस्टीम."

"ती कुठं बसते?"

"ती बसत नाही काका."

"अस्सं! फिरतीवर असते!" आधारभाऊंचा चेहरा उजळला. नूतन कपाळाला हात लावून आत पळाली. इकडं यांनी मंदाबाईंच्या कानात सांगितलं, "बाईमाणूस आहे. वांगी नाही म्हणायची नाही!" पोतं खांबाला टेकवलं आणि सिस्टीमबाईंना शोधायला इमारतीच्या मागच्या अंगाला गेले. मंदाबाई तेवढ्यात पाणी प्यायला गेल्या.

त्या परत येतात तो काय! खांबाभोवती दोरी बांधलेली! शिट्ट्या वाजतायत, प्रवासी ट्रॉल्या ढकलत पळतायत आणि मधोमध त्यांचं पोतं, लाल वायर डोक्यावर मिरवत, नवरदेवासारखं एकटं उभं!

"अहो साहेब, ती वांगी..."

"मागं व्हा बाई!"

"पण वांगी..."

"मागं!"

आता पोलिसांचं कुत्रं आलं. त्यानं पोतं हुंगलं, ठेच्याच्या वासानं तीनदा शिंकलं आणि खाली बसलं. कुत्रं बसलं म्हणजे माल सापडला, असं धरतात म्हणे. सगळे आणखी मागं पळाले. खरं तर त्या जिवाला थंडीत ऊन सापडलं होतं!

अंगावर जाड चिलखत चढवलेल्या एका साहेबांनी लांब काठीनं वायर सोडवली. एक वांगं घरंगळत बाहेर आलं आणि हवालदारांच्या बुटाशी थांबलं. त्याच वेळी इमारतीमागून आधारभाऊ ओरडत आले, "अरे, भरताची वांगी शेतस ती! डाग पाडू नका!"

दोघांना बाकड्यावर बसवलं. हवालदारांनी जबाब घ्यायला पेन काढलं.

"वांगी आणायचं कारण?"

"अशीच आणली."

"कारण सांगा भाऊ. कारणाशिवाय कागद पुढं जात नाही."

आधारभाऊंनी बायकोकडं बघितलं. मंदाबाईंनी बाकड्यावरची धूळ पदरानं पुसायला घेतली.

या सगळ्यात दुपार कलली. विमान उभंच. तेवढ्यात नूतन फोन कानाला लावून धावत आली. "सर, को-पायलटचे आजचे तास संपले! आता ते उडू शकत नाहीत. स्टँडबाय? हो, जवळच आहे. धुळ्याला. संघमित्रा मॅडम!"

आधारभाऊंनी बायकोच्या पाठीवर अशी थाप मारली, की तिचा ठसका बाहेर पडला. "पाहिलंस? लागली का नाही ड्युटी! वांगी वाया जात नाहीत!"

दोन तासांत संघमित्रा भाड्याच्या गाडीनं आली. कडक इस्त्री, खांद्यावर पट्ट्या. मंदाबाईंना रडूच आलं. लेकीनं आई पाहिली, बाप पाहिला, बाकड्याशी ठेवलेलं वांग्यांचं पोतं पाहिलं.

"हे लग्न?"

"ते राहू दे," आधारभाऊ म्हणाले. "उद्याची ड्युटी बघ आधी! आता रोज लागणार."

नूतन खाली मान घालून म्हणाली, "काका, हे विमान उद्या येणार नाही. कंपनीनं भाड्यानं घेतलं होतं. आज हैदराबादला प्रवासी उतरवले, की मालकाच्या ताब्यात. आणि आपल्याकडं दुसरं उरलेलं नाही."

संघमित्रानं मोबाईल उघडला. मग स्क्रीन बापासमोर धरली. आज, ड्युटी. उद्या, स्टँडबाय. परवा, स्टँडबाय.

"विमानच नाही, तर कशासाठी स्टँडबाय?" ती म्हणाली. तिनं कंपनीच्या मुंबईच्या साहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"मॅडम, आपण याला शेवट म्हणत नाही," साहेबांचा आवाज पाकात घोळलेला होता. "हा एक विराम आहे. तुम्ही आमच्या कुटुंबातल्याच आहात."

"कुटुंबात मला आई आहे आणि बाप आहे!" संघमित्रा कडाडली. प्रवाशांच्या रांगेतली एक म्हातारी दचकून खाली बसली. "दोन महिने मी रोज केस बांधून बसते! दुसरीकडं अर्ज केला असता, तोही तुम्ही करू दिला नाही! आजचं विमान मी नीट नेईन, त्यात माणसं आहेत. पण तुम्ही एकदा खरं बोला. विराम नको, स्टँडबाय नको. काय झालंय ते सरळ म्हणा!"

पलीकडं साहेबांनी घसा खाकरला. "मॅडम, योग्य वेळी सिस्टीम तुम्हाला कळवेल."

फोन बंद झाला.

"बठ्ठा चोर शेतस, सगळेच्या सगळे!" आधारभाऊ ओरडले आणि मग एकदम म्हातारे दिसायला लागले. संघमित्रानं टोपी नीट केली. नूतन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. कुणालाच कुणाकडं बघवेना.

हवालदारांनी अवघडून पेन झटकलं. "भाऊ, माझं तेवढं कारण राहिलंय."

मंदाबाई उठल्या. लेकीच्या गणवेशावर कसलासा धागा होता, तो त्यांनी आधी काढला. मग हवालदारांकडं वळल्या.

"लिहा. आमच्या पोरीची नोकरी गेली. आजची नाही, दोन महिन्यांपूर्वीच गेली. आम्हाला तिघांनाही माहीत होतं. हे कारण."

हवालदारांनी एकेक शब्द लिहून घेतला. पुन्हा वाचला. डोकं खाजवलं.

"बाई, ते समजलं. पण मग वांगी नेमकी कुणाला द्यायची होती?"