पास्कल मास्तर गप्प बसले

पास्कल मास्तर प्रार्थनासुद्धा चिडून म्हणायचे. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' असं काही कडाडत, की वर कुणी डुलकी घेत असेल तर उठून बसावं. मध्येच कुणी पोरगं हसलं, की त्याच दमात, "तुझं नाव पवित्र मानलं जावो, आन् अंतोन, तू भाईर हो!"

भोरजवळ मिशनची मुलांची शाळा होती. मी वेल्ह्याहून तिथल्या बोर्डिंगात आलो, तेव्हा मास्तर धर्मशिक्षण आणि मराठी शिकवत. ते कशावर चिडतील याचा नेम नसे. आळणी आमटीवर, गळक्या कौलांवर, माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर. गोरे फादर एकदा म्हणाले, "मास्तर, मुलं तुम्हाला भितात."

"भिऊ द्या. मला भ्याली, म्हंजी जगाला भेणार न्हाईत!"

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू कोण?"

"ख्रिस्ती."

"आदी गाव सांग! देवानं काय ढगातनं टाकला व्हय तुला?"

त्यांचं स्वतःचं गाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर खेकसत, "शाळा!"

त्या उन्हाळ्यात हिर्डोशीच्या वरच्या वाडीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. फादरांनी औषधं बांधून दिली आणि आम्ही सहा मोठी पोरं मास्तरांबरोबर चालत निघालो. वाटभर ते आमच्यावर, उन्हावर आणि वाटेतल्या धोंड्यांवर चिडत होते.

वाडीत कुणी आम्हाला उंबऱ्याजवळ येऊ देईना. एका म्हाताऱ्यानं तर माझा उकळलेल्या पाण्याचा हंडा पायानं कलंडवला. मी तो नीरा नदीवरून खांद्यावर वाहून आणला होता. डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, मरू देत सगळे.

"जायचं परत?" मास्तर माझ्यावरच उखडले. "त्यो मरंल, आन् तू रुसून बसशील? राग म्या करतो. तू दुसरा हंडा आण."

मग ते वाडीच्या मधोमध उभे राहून गरजले, "पाणी नीरेचं! लाकडं तुमच्या रानातली! आमी फकस्त जाळ केला. जाळ बी बाटतो काय रं?"

संध्याकाळपर्यंत तहानेनं म्हणा, लाजेनं म्हणा, घरं एकेक करून पाणी घेऊ लागली. शेवटचं एक घर उरलं. आतून खोल गेलेला आवाज आला, "त्या बाटग्याच्या हातचं मला नगं."

मास्तरांनी छाती भरून घेतली. एवढ्यात घरधनीण दारात आली. डोईवरचा पदर पुढं ओढत हळूच म्हणाली, "भावजी, वरडू नगासा. तुमचा आवाज वळखला त्येंनी, म्हून तर पाणी घेत न्हाईत."

आम्ही सहाजण आ वासून बघत राहिलो. आत मास्तरांचा सख्खा थोरला भाऊ पडला होता. हे गाव त्यांचं. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी भावानं त्यांना याच दारातून घालवून दिलं होतं.

मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता घर पडतंय. पण ते तोंडातून शब्द न काढता परसात गेले आणि भिंतीला टेकून बसले.

'पाणी माझ्या हातचं' असं नवऱ्याला सांगताना वहिनीला खोटं बोलावं लागू नये म्हणून पाणी त्यांनी तिलाच उकळायला लावलं. चुलीवर किती वेळ ठेवायचं, ते बोटांनी दाखवलं. मीठ-साखरेचं माप खुणेनं सांगितलं. तीन दिवस ते तिथं बसून राहिले. आम्ही चुकलो तर नुसते डोळे वटारत. पहिल्या दिवशी आम्हाला हसू येत होतं. दुसऱ्या दिवशी येईना.

चौथ्या दिवशी सकाळी आतून भावाचा आवाज आला, "भूक लागली गं."

मास्तर उठले, कोट झटकला आणि आम्हाला निघायची खूण केली. वाडीच्या खाली पोचलो तोच मागून वहिनी धावत आली. फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी तिनं दगडावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली.

"त्येंनी इचारलं, परसात कोन बसलं हुतं," ती म्हणाली. "म्या सांगितलं. तर म्हनले, त्याला भाकर दे."

मास्तरांनी फडकं सोडलं. आमच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. आमच्याकडे पाठ करून ते दगडावर बसले आणि ती कोरडी भाकरी, एक तुकडाही आम्हाला न देता, एकटेच सावकाश खात राहिले.