गोदावरीच्या पोटाचं मौन

कार्तिकातल्या दशमीला तीन दिवस उरले असताना, भर दुपारी, जेवताना गोदावरीचं पोट बोललं.

तिने चातुर्मासभर मौनाने जेवायचा नेम धरला होता. जेठात तिची सात वर्षांची प्रभा मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली होती. विसाव्या दिवशी पोरीने डोळे फिरवले, तेव्हा गोदावरी सिद्धेश्वराला एवढंच म्हणाली, "पोर राहू दे. चार महिने दिवसातून एकदाच जेवीन, तेही तोंडातून शब्द न काढता." पोर राहिली. जेवताना बोललं, की ताटावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहायचं, असा नेम होता. मात्र शेवटच्या दिवशी, दशमीला, उठावं लागलं तर चारही महिने वाया. देवाला दिलेला शब्द वाया गेला तर पोरीचं काय, हा विचार गोदावरी मनात येऊच देत नसे. नुसती येता-जाता प्रभाच्या कपाळाला हात लावून बघे.

त्या दुपारी सासूबाईंनी सवयीने विचारलं, "आमटीत मीठ पडलंय ना ग?"

"हूंऽऽ," आवाज आला.

सासूबाईंचा पळीचा हात तसाच थांबला. "बोललीस!"

गोदावरीने जोरात मान हलवली आणि पोटाकडे बोट दाखवलं.

"मग पोट कुणाचं आहे? शेजारणीचं?"

गोदावरी उठली.

उपाशी पोट गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी पहिला घास उचलायच्या आतच आवाज आला, तोही लांबलचक. आडाच्या तळाशी कुणी घोंगडी पांघरून बसावं आणि तिथून आपली कर्मकथा सांगावी, तसा. प्रभा आईच्या तोंडाकडे बघत होती. तोंड मिटलेलंच होतं.

"आई, ते कोण बोललं?" प्रभाने हळूच विचारलं.

गोदावरीने ताट सरकवलं. ती पुन्हा उठली.

मग सासूबाईंनी धाकट्या मुलाला, वेणीमाधवला, दवाखान्यातून बोलावून घेतलं. वेणीमाधव मुंबईत डॉक्टरी शिकून आला होता आणि येताना एक वेड घेऊन आला होता. तिथल्या कॉलेजात त्याने सशाचं कापून काढलेलं आतडं कोमट मिठाच्या पाण्यात तासभर आपोआप वळवळताना पाहिलं होतं. तेव्हापासून त्याला माणसाच्या इतर भागांत रस उरला नव्हता. शुक्रवार पेठेतल्या त्याच्या दवाखान्यात कुणी गुडघा दुखतो म्हणून आलं, तरी हा छाती तपासायची नळी पोटालाच लावी, मिनिटाला किती आवाज होतात ते मोजी आणि वहीत लिही.

वहिनीच्या पोटाला नळी लावताच त्याचा चेहरा खुलला. "वा! असं पोट मी आजवर ऐकलं नाही."

"कौतुक पुरे," सासूबाई म्हणाल्या. "बोलतं का ते सांग."

"आई, आतड्याच्या भिंतीत त्याचे स्वतःचे मज्जातंतू असतात. आतडं डोक्याला विचारत नाही. आपल्या मनाने हलतं, आपल्या मनाने थांबतं."

"म्हणजे हिच्या पोटात दुसराच कुणी आहे?"

वेणीमाधव आकडे लिहीत होता. मान वर न करता तो म्हणाला, "तसं म्हणायला हरकत नाही."

हरकत होती. सासूबाई पाणी आणायला आडावर गेल्या, आणि दिवेलागणीपर्यंत सगळ्या बोळाला कळलं, की गोदावरीच्या पोटात दुसराच कुणी आहे आणि हे खुद्द डॉक्टरने सांगितलंय.

तिसऱ्या दुपारी शेजारची निंगव्वा तेलीण दाराशी येऊन बसली. तिचा नवरा गुरप्पा त्याच जेठात, त्याच तापाने गेला होता. त्यालाही वेणीमाधवचंच औषध होतं. "या तापात आतड्याचं आतलं अस्तर सोलून निघतं. जड घास गेला तर भोक पडेल," असं सांगून त्याने गुरप्पाला अठरा दिवस नुसत्या पेजेवर ठेवलं होतं. एका बैठकीला आठ भाकरी खाणारा गडी "भाकर, भाकर" करत गेला.

माजघरात तिन्ही बायका बसल्या. वेणीमाधव नळी लावून मोजत होता. गोदावरीने घास उचलला.

"गुर्रऽऽर्र," पोट म्हणालं. थोडं थांबलं. "…प्पा."

निंगव्वाच्या हातातली तेलाची बुधली कलंडली. "येन्री!" ती किंचाळली. नवऱ्याला ती अशीच हाक मारायची. "मालक, तुमी हितं?"

"गुर्र."

"निंगव्वा, वारा आहे तो पोटातला," वेणीमाधव म्हणाला. "एकोणीस… वीस…"

"वाऱ्याला त्येंचं नाव कसं ठावं, दागतर?" ती पुढे सरकली. "मालक, भाकर दिली न्हाई म्हनून राग हाय व्हय?"

"हूंऽऽऽ."

वेणीमाधवचा आकडा चुकला. गोदावरी तिसऱ्यांदा ताटावरून उठली.

आता राहिली एकच दशमी. सासूबाई कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना देवापुढे बसवलं. "बोलतो तो आणि उपाशी उठते ही, हे काही बरोबर नाही. जो बोलतो त्यानेच नेम धरायला हवा." त्यांनी ताम्हनात पळीभर पाणी सोडलं आणि सुनेच्या पोटाकडे बघत, परपुरुषाशी बोलताना घेतात तसा पदर सारखा करून, म्हणाल्या, "गुरप्पा, आमच्या घरचं जेवताय, तर आमच्या घरचा नेम पाळा. उद्याचा एकच दिवस."

पोटात काहीतरी बुडकन वाजलं.

"हो म्हणाले," सासूबाई म्हणाल्या.

"उपाशी मानूस गप कसा बसंल, माई?" निंगव्वाने डोळे पुसले. "आदी त्येंची भाकर तर घाला की. मी आनती."

सोवळ्याच्या ताटात दुसऱ्या घरची भाकरी! सासूबाईंनी एकदा देवाकडे, एकदा सुनेच्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भाकरी हिला नाही, त्यांना आहे. आण."

दशमीला ताटात ज्वारीच्या दोन भाकरी आल्या, वर शेंगांची चटणी. तीन दिवसांची उपाशी गोदावरी डोळे मिटून जेवू लागली. एक भाकरी संपली. पोट गप्प. दुसरी निम्मी झाली. गप्प. ज्या पोटाने तीन दिवस घर हलवलं होतं, तिथून हूं की चूं येईना. प्रभासुद्धा चुळबुळ करायची थांबली.

वेणीमाधव हसत पुढे झाला आणि त्याने नळी लावली. पाच मिनिटं गेली, तसं त्याचं हसू मावळलं. भरलेल्या पोटातही काही ना काही वाजतंच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अजिबात वाजत नाही ते आतडं बंद पडलं तरच. गुरप्पा गेला त्या सकाळी त्याच्या पोटाला नळी लावली होती, तेव्हा अशीच शांतता होती.

"वहिनी, दुखतंय का कुठे?"

गोदावरी जेवत होती.

"वहिनी, एक शब्द बोला!"

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "तीन घास उरलेत. पोरीचा नेम आहे तो!"

घड्याळात आठ मिनिटं झाली. त्याने आजूबाजूला पाहिलं, मग वहिनीच्या ताटासमोर गुडघे टेकले आणि म्हणाला, "अहो गुरप्पा… एवढा आवाज द्या हो. तेव्हा मी भाकरी बंद केली, ती तुमच्या भल्यासाठी. खरंच सांगतो."

आतून उत्तर आलं नाही.

गोदावरीने शेवटचा घास गिळला. पाणी प्याली. परसात जाऊन हात धुतला, चूळ भरली आणि उंबऱ्यात येऊन चार महिन्यांचा नेम पुरा करून तोंड उघडलं. "प्रभा, इकडे ये ग," असं तिला म्हणायचं होतं.

त्याऐवजी एक ढेकर आली. जाडीभरडी, निवांत, बाप्यामाणसाची. सासऱ्यांसमोर कधी मोठ्याने खोकलीही नव्हती ती बाई तोंडावर पदर दाबून भिंतीला टेकली.

"त्येच!" निंगव्वा रडत रडत हसली. "आट भाकरी झाल्यावर अशीच द्यायचे. पोट भरलं बगा. गेले मालक."

सासूबाईंनी पुढे होऊन प्रभाचं कपाळ चाचपलं. गार होतं.

मौन सुटलं की देवाला घंटा वाहायची असते. द्वादशीला सकाळी सासूबाईंनी ती आणायला वेणीमाधवला तांबट आळीत धाडलं. तो दोन घेऊन आला.

"दुसरी कशाला रे?"

वेणीमाधव चपला काढता काढता खालीच बघत राहिला.

"त्यांनीही पाळलं की, आई," तो म्हणाला.