वणव्याचा निरोप आणि कोल्ह्याची समिती

एका जंगलात, बाळांनो, वाघाच्या गुहेपासून सशाच्या बिळापर्यंत सगळीकडे कॉम्प्युटर होते. का होते, ते विचारू नका. शेजारच्या जंगलात होते, म्हणून इथेही होते.

तिथे अनसूया नावाची साळिंदर राहायची. मागच्या वणव्यात तिची बहीण गेली. निरोप वेळेवर पोचलाच नव्हता. तेव्हापासून अनसूया खपत होती. तिने एक छोटं अ‍ॅप लिहिलं. टेकडीवरच्या घारीने धूर दिसताच बटण दाबायचं, की प्रत्येक पडद्यावर लाल अक्षरं उमटणार: 'वणवा! नदीकडे पळा!'

आता फक्त निरोप पोचवणारं एक साधन निवडायचं होतं, आणि घरोघरच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅप बसवणारं दुसरं.

"कुठलंही चालेल, महाराज," अनसूया वाघोबांना म्हणाली.

"कुठलंही?" वाघोबांच्या मिशा थरथरल्या. "आणि तुलना कोण करणार?"

झालं! समिती बसली. अध्यक्ष कोल्हा.

एक साधन निरोप विजेसारखा पोचवायचं, पण कॉम्प्युटर बंद असला तर निरोप हवेत विरायचा. दुसरं निरोप जपून ठेवायचं, पण पोचवायचं रमतगमत. बसवणाऱ्या साधनांपैकी एकाने अ‍ॅप सगळीकडे एका दमात बसायचं, पण सशाचा कॉम्प्युटर त्या ओझ्याने धापा टाकायचा. दुसरं हलकं, पण माकडांसाठी वेगळं बनवा, अस्वलांसाठी वेगळं.

"हलकंच घ्या. मी बनवते वेगवेगळं," अनसूया काकुळतीला आली.

"अहो बाई, बटणाचा रंग अजून ठरायचाय!" कोल्हा म्हणाला.

रंगावरून बैठक ऐन भरात आली होती, तेवढ्यात जळक्या गवताचा वास आला.

"साहेब, धूर!" अनसूया ओरडली.

"तो विषय आज नाही," कोल्हा म्हणाला.

अनसूयेला बहीण आठवली. ती तडक बाहेर पळाली. काटे खुळखुळवत बिळाबिळापाशी ओरडत सुटली, "वणवा! नदीकडे पळा!" तिचा आवाज फाटला, तेव्हा सशाने हाक उचलली, मग माकडांनी. सारं जंगल नदीपार झालं. कॉम्प्युटर जळाले. जीव एकही गेला नाही.

संध्याकाळी वाळूत दरबार भरला. अनसूयेच्या शेपटीचे काटे करपले होते, पण मन कितीतरी दिवसांनी हलकं झालं होतं.

"निरोप कोणत्या साधनाने दिलास?" वाघोबांनी विचारलं.

"तोंडाने, महाराज."

"तोंडाची इतर साधनांशी तुलना झाली होती?" कोल्ह्याने विचारलं.

"नाही."

"मग मंजुरी?"

"ती कुठली असायला!"

अनसूयेला सक्त ताकीद मिळाली. कोल्ह्याला शाल-श्रीफळ. त्याने आगीतून समितीचा अहवाल दातांत धरून वाचवला होता ना! तोंडात अहवाल असल्यामुळे त्याला ओरडता आलं नाही, हे सर्वांनी समजून घेतलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सशाच्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या.

तात्पर्य: आग लागली तरी चार प्रकारच्या बोंबा तोलून पाहिल्याशिवाय बोंब मारू नये. जळालात तरी हरकत नाही. घाई केली असं तर कोणी म्हणणार नाही!