त्रुटी आढळली नाही

वैद्यकीय परवानगी विभागाच्या अधीक्षकांनी एका सोमवारी कपाटाच्या उघड्या दारावर डोकं आपटून घेतलं. टेंगूळ आलं आणि गेलं. घटनेची नोंद झाली नाही, कारण अशा नोंदीसाठी छापील नमुना उपलब्ध नव्हता.

लोक त्यांना त्रुटीसाहेब म्हणत. तेवीस वर्षांत एकही अर्ज त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत पुढे सरकला नव्हता. सही तिरकी, फोटोत कान अपुरा, काही ना काही निघायचंच. माणूस कामाला निष्ठावान आणि तितकाच छळवादी.

महिन्याभराने मात्र साहेब अर्ज न वाचताच सही करू लागले. एकेका अर्जावर दोनदाही करत. मधूनच डुलकी लागे, डावा पाय फरफटे, शिपायाला ते 'मामा' म्हणत. कार्यालयात आनंदीआनंद झाला. दाराबाहेर जिन्यापर्यंत रांग लागली. पेन निसटलं की रांगेतला पहिला माणूस ते उचलून अदबीने साहेबांच्या बोटांत बसवी. वरिष्ठांनी 'गतिमान अधिकारी' म्हणून प्रशस्तिपत्र दिलं. साहेबांनी ते उलटं धरून स्वीकारलं.

घाबरली ती एकटी बायको. "अहो, भाजीत मीठ नव्हतं आणि तुम्ही 'छान' म्हणालात!" असं म्हणत तिने त्यांना थेट रुग्णालयात नेलं.

स्कॅन पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, यांच्या डोक्याला कधी मार लागला होता?"

"कपाट लागलं म्हणत होते. झाले सहा आठवडे."

"तेव्हापासून मेंदूभोवती थेंबथेंब रक्त साचतंय. मेंदू दाबला जातोय. कवटीला दोन छिद्रं पाडून ते काढून टाकू. ऑपरेशन अवघड नाही, पण उद्याच व्हायला हवं. उशीर झाला तर जिवावर बेतेल."

"मग करा की!"

"परवानगी विभागाची सही लागते, काकू."

बायकोने अर्ज हातात घेतला. बेचाळीस प्रश्नांचा तो अर्ज नवऱ्यानेच रचला होता. प्रश्न नऊ : 'आजार जुना की तातडीचा? एकाच चौकोनात खूण करावी.' इथे रक्तस्राव जुना आणि घाई तातडीची. तिने दोन्ही चौकोनांत खूण केली आणि जीव मुठीत धरून अर्ज खाटेवरच्या अधीक्षकांपुढे सरकवला. साहेबांनी हसत सही ठोकली. तारखेच्या जागी त्यांनी 'मामा' लिहिलं.

ऑपरेशन झालं. इंजिनातल्या जुन्या तेलासारखं काळपट रक्त निघालं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही खाट भिंतीला समांतर नाही." बायको आनंदाने रडली.

कामावर रुजू होताच साहेबांनी आधी स्वतःचाच अर्ज तपासला. प्रश्न नऊला दोन खुणा! ऑपरेशन नियमबाह्य ठरलं. 'काढलेलं रक्त पूर्ववत का भरू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा,' अशी नोटीस त्यांनी स्वतःला बजावली, स्वतःच ती घेतली आणि खुलासाही दिला. खुलाशात त्रुटी निघाली.

मग त्या काळातले सगळेच अर्ज फेरतपासणीला गेले. रांगेतल्या मंडळींनी निषेध सभा भरवली. "डॉक्टरांनी चांगला माणूस बिघडवला!" असा ठरावही मांडला.

साहेबांची बायको सभेत उभी राहिली. "माझा माणूस तुमच्या डोळ्यांदेखत झोकांड्या खात होता. एकालाही दिसलं नाही?"

मागून एक जण म्हणाला, "दिसत होतं हो, वहिनी. पण माझा नंबर आला होता."

वाचकांनी हसण्यापूर्वी आपापल्या मंजूर अर्जांवरच्या सह्या एकदा नीट पाहून घ्याव्यात.