बंबाची वर्गणी

"आता ही फॉयरशुट्झस्टॉयर काय भानगड आहे?" शनिवारी सकाळी घराच्या विम्याचं बिल डोळ्यांजवळ नेत शिरीषने विचारलं. कुणा एकाला विचारलं असं नाही. अशा वेळी तो बिलाशीच बोलतो.

"विम्यावरचा जादा कर," चारुलता स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यातून गावोगावच्या आगीच्या बंबांना मदत जाते. आपल्या गावातल्याला पण. इथे पगारी माणसं कुठेयत? सगळे गावकरीच, हौसेने करतात."

खिडकीपाशी बसलेल्या वासुदेवरावांनी मान वळवली. "म्हणजे वर्गणी!"

"वर्गणी नाही हो बाबा, टॅक्स. विमा कंपनी परस्पर घेते आणि परस्पर भरते," चारुलता म्हणाली.

"मग मागायला कोण येतं?"

"कोणीच नाही."

"आणि पावती?"

"तीही नाही. गेनाऊ, अगदी बरोबर, तीच तर सोय आहे!" शिरीष म्हणाला आणि बिल फाइलला लावून मोकळा झाला.

सोय! वासुदेवरावांनी कराडला आयुष्यभर गणपतीची वर्गणी गोळा केली होती. वर्गणी हे तिथे निमित्त. खरा कार्यक्रम म्हणजे दारात उभं राहायचं, नको नको म्हणत आत शिरायचं आणि चहा येईपर्यंत सगळ्या पेठेची खबरबात घ्यायची. त्यांच्या स्वतःच्या घरीही अशी माणसं सतत येत. बेल वाजली की ते आतूनच ओरडत, "कोण आहे?" आणि मनोरमाबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "आले वाटतं तुमचे वर्गणीवाले!" कुरकुर करता करता त्या चहाच्या आधणात आणखी पाणी ओतत.

मनोरमाबाई गेल्या आणि शिरीष वडिलांना जर्मनीत एर्लांगेनजवळच्या या गावी घेऊन आला. गाव छानच होतं. खिडक्याखिडक्यांतून लाल फुलं, रस्ते धुतल्यासारखे, माणसं सभ्य. पण दाराशी म्हणून कुणी येत नसे. ज्यांना यायचं ते टर्मिन, म्हणजे आधी दिवस-वेळ, ठरवून येत आणि तेही शिरीषच्या ऑफिसचे. आल्यापासून वासुदेवरावांना एकदाही "कोण आहे?" असं विचारायला मिळालं नव्हतं. या दोन शब्दांसाठी माणूस इतका झुरू शकतो, हे त्यांना स्वतःलाच नवीन होतं. मनोरमाबाईंची आठवण तर यायचीच, पण ती बेल न वाजण्याने जास्त यायची.

आदल्या रात्री ते शिरीषला म्हणाले होते, "परतीचं तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघ." शिरीष "सोमवारी बघतो" म्हणाला आणि पानातली दुसरी पोळी त्याने तशीच ठेवली. बाबांनी राहावं असं त्याला फार वाटत होतं. पण तो पडला इंजिनिअर. कशाची कमी आहे हे कळल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही, आणि कमी कशाची आहे हे बाबा सांगत नव्हते.

"जरा पाय मोकळे करून येतो," असं म्हणून वासुदेवरावांनी स्वेटर चढवला, कानटोपी घातली आणि बाहेर पडले. वर्गणी घ्यायची आणि दारात यायचं नाही, ही कुठली रीत? ते येत नाहीत तर आपण जाऊ. पावती मागू. पावती फाडायला माणूस बसला की बोलणं आपोआप निघतं.

बंबाचं घर बेकरीच्या पुढे होतं. मोठा लाल दरवाजा बंद. आत सामसूम. इतक्या दिवसांत वासुदेवराव एक गोष्ट पक्की शिकले होते: या देशात दाराशेजारी बटण असतं, ते दाबायचं आणि वाट बघायची. बटण होतं. एका लाल पेटीत होतं, त्यावर जर्मनमध्ये बरंच काही लिहिलेलं होतं आणि वर काचही होती. त्यांनी अंगठ्याने दाबताच काच फुटून आत गेली. 'जर्मन माल म्हणतात, आणि बेलची काच ही अशी!' असं मनाशी म्हणत त्यांनी बटण दाबलं.

छपरावरचा भोंगा बोंबलायला लागला.

शिष्टाचार म्हणून ते दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. बेल जरा मोठीच होती, पण बंबाच्या घराला तशीच हवी. मग गल्लीगल्लीतून माणसं धावत आली. पोस्टात काम करणारी बाई सायकल फेकून आली. न्हावी कंगव्यासकट आला. एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊनच आला. सगळ्यात पुढे बेकरीवाला ड्योर्फलर, कोपरापर्यंत पीठ. रोज सकाळी वासुदेवराव त्याच्याकडून पाव घेत आणि दोघे एकमेकांना "मॉर्गन" म्हणत. तो या बंबाचा कमांडंट आहे हे त्यांना आज कळलं. एका बेलमध्ये अख्खं गाव दारात! वासुदेवरावांचा ऊर भरून आला.

"वो ब्रेन्ट्स?" ड्योर्फलर ओरडला. कुठे आग लागलीय?

"नमस्कार," वासुदेवराव म्हणाले. "पावती."

तेवढ्यात चारुलता सायकल हाणत पोचली. सासरे बाहेर आणि भोंगा चालू, यांचा संबंध तिने वाटेतच जोडला होता. "बाबा, अहो, काय केलंत हे?"

"बेल वाजवली. यांना सांग, आमच्याकडे वर्गणी घ्यायला माणसं घरी येतात. बसतात. तुम्ही नुसतेच घेता, येत नाही. हे बरं नाही."

चारुलताने जर्मनमध्ये सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं, कारण गोंधळात तिला खोटं सुचेना. बंबवाले गंभीरपणे ऐकत राहिले.

"टर्मिन न घेता येतात?" ड्योर्फलरने विचारलं.

"टर्मिन कसला? अचानक येतात. चहाच्या वेळेला."

यावर कुणी हसलं नाही. सगळे विचार करायला लागले. तो विचार पुरा व्हायच्या आत न्हाव्याने नाक वर करून वास घेतला. बेकरीच्या खिडकीतून काळा धूर येत होता. ड्योर्फलर भट्टीत पाव तसेच टाकून धावत आला होता.

गावाच्या इतिहासात बंब इतक्या झटपट आगीवर कधी पोचला नसेल. नुकसान फार झालं नाही, पण पाव कोळसा झाले आणि त्या शनिवारी गावाला पाव मिळाला नाही. वासुदेवराव मान खाली घालून घरी आले. "सोमवारी कशाला, आजच बघ तिकीट," ते शिरीषला म्हणाले. "मी माणसं बोलवायला गेलो आणि त्यांच्याच घराला आग लावून आलो." शिरीषला पहिल्यांदा कळलं, कमी कशाची होती ते. पण बाजारात न मिळणारी गोष्ट आणायची कुठून? त्याने तिकिटाची चौकशी केली. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

संध्याकाळी फोन वाजला. चारुलता बराच वेळ जर्मनमध्ये "या, या" म्हणत हो ला हो देत राहिली आणि फोन ठेवून खुर्चीत बसली.

"बेकरीवाले ड्योर्फलर होते. उद्या चार वाजता ते आणि बाकीचे बंबवाले मिळून पाच जण आपल्याकडे न कळवता येणार आहेत."

"काय?" शिरीष म्हणाला.

"असंच म्हणाले. न कळवता. आणि विचारत होते, अचानक आलं की साधारण किती वेळ बसायचं असतं."

शिरीष पोट धरून हसला. वासुदेवराव हसले नाहीत. ते उठून सदऱ्याला इस्त्री करायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते तीनपासूनच जुनं वर्तमानपत्र उघडून बसले, बेसावध दिसावं म्हणून. "चहाला पाणी जास्त ठेव," त्यांनी चारुलताला सांगितलं. "ऐन वेळी माणसं वाढतात." समोरच्या घरातली बाई केव्हाची पडद्याआड उभी होती. कोण येणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

ठीक चारला बेल वाजली.

शिरीष उठला. वासुदेवरावांनी हाताने त्याला थांबवलं. त्यांनी सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. चारुलताने आधणात आणखी पाणी ओतलं आणि सासूबाईंच्या सुरात म्हणाली, "आले वाटतं तुमचे वर्गणीवाले!"

वासुदेवरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"कोण आहे?"

"फॉयरवेर!" बाहेरून बंबवाल्यांचा दणदणीत आवाज आला.

शिरीष दाराकडे निघाला.

"थांब रे," ते म्हणाले. "ते तिकिटाचं राहू दे. आणि दार एवढ्यात उघडू नकोस."

आणि पहिल्या वेळी फार लवकर संपलं होतं म्हणून त्यांनी, या वेळी कराडच्या आवाजात, पुन्हा विचारलं, "कोण आहे?"