गीताकाकू बसल्या का?

साल दोन हजार अठरा. पावसानं त्या वर्षी हात आखडता घेतला होता आणि दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच लिंबागणेशात टँकरची वाट बघणं सुरू झालं होतं. अशा दिवसांत गीताबाईंच्या वैष्णवीला उमापूरचं स्थळ आलं. मुलगा अंगद, दूध डेअरीत कामाला. मंडळी मुलगी बघून गेली आणि पसंतीही कळवली. गीताबाईंनी होणारा जावई पाहिला तो स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून, भजी तळता तळता. एक कान आणि अर्धी मिशी दिसली. आता मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं आणि पटलं तर तिथंच सुपारी फोडायची, असं ठरलं.

घर बघायला पुरुष जातात. ते काय बघतात हे गीताबाईंना चांगलं ठाऊक होतं. जमीन बघतात, गोठा बघतात, चहा पितात आणि माणसं चांगली आहेत म्हणत परत येतात. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी असंच झालं होतं. त्यांच्या आईला यायचं होतं, पण गाडीत जागा नव्हती. नांदायला आल्यावर कळलं की पाण्याची विहीर दोन शेतं ओलांडून आहे. हे गाडीभर पुरुषांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

म्हणून त्यांनी नवऱ्याला, गहिनीनाथरावांना, आदल्या दिवशीच बजावलं, "घागर कोण उचलतं ते मला बघायचंय. मी घर बघितल्याबिगर सुपारी फुटायची न्हाई."

गहिनीनाथराव भिडस्त माणूस. उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हणाले नव्हते, ते बायकोला कुठून म्हणणार. ते म्हणाले, "चल की. अ‍ॅडजस्ट करू."

या गावाला इंग्रजीतलं एकच क्रियापद येत असे, पण त्या एकावर सगळा संसार चालायचा. भाजीत मीठ कमी पडलं, अ‍ॅडजस्ट करा. शिंप्यानं पोलकं आखूड शिवलं, अ‍ॅडजस्ट करा. लेक सासरी रडतेय, होईल अ‍ॅडजस्ट. लाईट गेली, मास्तर आले नाहीत, पाहुणे न सांगता आले, सगळ्यावर तोच एक उतारा. गीताबाईंनी हा शब्द इतका ऐकला होता की त्यांना तो आपल्याच बोलीतला वाटे. मात्र आजवर त्यांनी तो कुणाला म्हटला नव्हता. तो नेहमी त्यांनाच म्हटला जायचा.

चाँदची जीप ठरवली होती. सकाळी गीताबाई ठेवणीतली इरकली नेसून सगळ्यांच्या आधी खिडकीशी जाऊन बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत धपाट्यांचा डबा आणि मोबाईल. जीप वेशीपाशी आली तर माजी सरपंच बिभीषणअण्णा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे. त्यांच्याशिवाय गावातली कुठलीच बोलणी पुरी होत नसत, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. त्यांच्याबरोबर त्यांच्या उठण्याबसण्यातले दोघं. गहिनीनाथराव हसून सरकले. गीताबाई खिडकीतून मधे आल्या.

मांजरसुंब्याला बद्रीनाथमामा चढले. मामांचा गुडघा वाकत नसल्यामुळे त्यांना पाय लांब करायला लागे. गीताबाई मधून मागच्या आडव्या बाकावर गेल्या. पिशवी मात्र मामांच्या पायाखालीच राहिली. बीडमध्ये मध्यस्थ तानाजीराव आपल्या मेव्हण्याला घेऊन हजर. मेव्हण्याला घरी बसून कंटाळा आला होता, एवढंच त्याचं कारण. चाँद म्हणाला की ही गाडी आहे, रबर नाही. बिभीषणअण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चाँदभाई, अ‍ॅडजस्ट कर बे. शुभकार्याला चाललोय."

गीताबाई अगदी शेवटी, मागच्या दाराला टेकल्या. या जागेचा एक नियम असतो. आत कुणालाही उतरायचं झालं की आधी दाराशी बसलेल्यानं उतरायचं आणि चढताना सगळ्यात शेवटी चढायचं. मेव्हण्याला तंबाखू पाहिजे, गीताबाई खाली. अण्णांच्या माणसाला रस्त्याकडेला जायचंय, गीताबाई खाली. असं करत करत गेवराई आली आणि सगळ्यांना चहा पाहिजे झाला.

गीताबाई तोंडावर पाणी मारायला हॉटेलच्या मागं गेल्या. तेवढ्यात उमापूरहून फोन आला की पाहुणे कुठवर आले. अण्णांनी अर्धा चहा टाकून सगळ्यांना गाडीत कोंबलं. पुढून गहिनीनाथरावांनी विचारलं, "बसले का समदे?" मागून आवाज आला, "बसले. लई झ्याक अ‍ॅडजस्ट झालंय आता." खरंच झालं होतं. पुढं रस्ताभर सगळी मंडळी, चाँदची जीप दिसते त्यापेक्षा मोठी आहे, असं कौतुक करत गेली. हे चाँदनंच नंतर गीताबाईंना सांगितलं.

गीताबाई पदरानं तोंड पुसत आल्या तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती. आधी त्यांना वाटलं, जीप पुढं सावलीत लावली असेल. मग त्या जरा चालल्या. मग थांबल्या. राग आला, पण त्याच्याही आधी सुपारी आठवली. तिकडं चहा होईल, गोठा बघून होईल आणि कुणीतरी म्हणेल, फोडा सुपारी. वैष्णवीची घागर पुन्हा कुणी न बघताच भरली जाणार.

समोर सीताफळांच्या टोपल्यांपाशी आमिनाबी बसली होती. तिनं सगळा प्रकार पाहिला होता.

"काय ओ बाई, गाडी सोडून गेली का तुमाला?"

"माझीच गाडी व्हती," गीताबाई म्हणाल्या.

आमिनाबीला हसू आलं, पण तिनं ते पदराआड घातलं. तिच्या लेकाचा, मुस्तकीमचा, टेम्पो उमापूरच्या बाजाराला निघतच होता. आमिनाबीनं पुढच्या सीटवरच्या दोन टोपल्या उचलून स्वतःच्या मांडीवर घेतल्या आणि खिडकीची जागा हातानं झटकली. "बैठो आरामसे," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच गीताबाईंना कुणीतरी नीट जागा करून दिली होती. वारा तोंडावर घेत त्या निघाल्या. अर्ध्या वाटेत समोरून चाँदची जीप सुसाट आली आणि धूळ उडवत गेवराईकडं निघून गेली. गीताबाईंनी हात केला, पण टेम्पोच्या पुढच्या सीटकडं कोण बघतं.

झालं होतं असं. उमापूरला जीप रिकामी झाली आणि गीताबाई निघाल्या नाहीत. गहिनीनाथरावांनी घाबरून फोन लावला, तर तो बद्रीनाथमामांच्या पायाखाली वाजला. मग सगळीच्या सगळी मंडळी चहा न घेता उलटी फिरली.

आमिनाबीकडं मुलाच्या घरच्यांनीच सीताफळं सांगून ठेवलेली होती, पाहुण्यांसाठी. एक टोपली तिनं घेतली, एक गीताबाईंनी, आणि दोघी परसदारानं आत गेल्या. चुलीपुढं मुलाची आई, रोहिणीबाई, घामाघूम होऊन बसल्या होत्या. मुलगी बघायच्या वेळी त्यांनाही गाडीत जागा नव्हती, त्यामुळं दोघी विहिणींनी एकमेकींना कधी पाहिलेलंच नव्हतं.

"टोपल्या ठेवा तिथं," रोहिणीबाई मान वर न करता म्हणाल्या. मग गीताबाईंकडं परात सरकवली. "ताई, तेवढी कणीक तिंबता का? माझे हात चालंना झालेत. पावने आले आन् गेलेबी. त्यांची बाईच रस्त्यात इसरली म्हणं."

गीताबाईंनी आमिनाबीकडं पाहिलं. आमिनाबी फार मन लावून सीताफळं मांडत होती. गीताबाईंनी बांगड्या वर सारल्या आणि कणकेत हात घातला. तिंबता तिंबता त्यांनी घर पाहून घेतलं. चूल उजेडात होती. डब्यांना झाकणं होती. पण नळ कोरडा होता. कोपऱ्यात तीन पिंपं काठोकाठ भरलेली.

"पानी कुठून आणता ओ?" त्यांनी विचारलं.

"लांबून. पहाटं अंगद आणतो, गाडीवर क्यान बांधून. मला उचलू देत न्हाई." रोहिणीबाईंनी भाकरी उलटली. "पर खरं सांगू का, माझं मन आता मागं सरतंय. आपल्या घरची बाई रस्त्यात राहिली आन् कुणाच्या ध्यानात न्हाई. असल्या घरची पोरगी करावी का न्हाई?"

कणकेतले हात थांबले. घर पारखायला निघालेल्या गीताबाईंच्याच घराची पारख होऊन गेली होती आणि त्यात त्यांचा गहिनीनाथ नापास झाला होता. तेवढ्यात दारात एक कान आणि अर्धी मिशी दिसली. उरलेली अर्धी मिशी मागून आली.

"आई, पान्याची बाटली दे," अंगद म्हणाला. "मी मोटारसायकल घेऊन निघालो. समदे जीपमधून मोठ्या रस्त्यानं बघतेत. त्या बाई उन्हात कुठं बसल्या असतील कुणाला माहीत. कुणी पानी तरी इचारलं का न्हाई."

तो वळला तेव्हा गीताबाईंनी हाक मारली, "थांबा ओ."

त्यांनी पिठाचे हात परातीत झटकले. "इचारलं. टोपल्या मांडीवर घेऊन खिडकीची जागाबी दिली. ह्या आमिनाबीनं. ती इसरलेली बाई मीच." मग रोहिणीबाईंकडं वळून त्या हळू म्हणाल्या, "माझा मानूस वाईट न्हाई. त्याला फक्त कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई. पोरगी माझ्यावर गेलीय."

रोहिणीबाईंनी आधी परातीकडं पाहिलं, मग इरकलीकडं. पावण्या बाईला कणीक तिंबायला लावली म्हणून कपाळाला हात लावला. मग दोघींना हसू फुटलं, आणि आमिनाबीनं इतका वेळ दाबून धरलेलं हसूही त्यात मिसळलं.

अंगदनं फोन केला. जीप परत आली तेव्हा बैठकीतल्या गादीवर मधोमध गीताबाई बसल्या होत्या. एका बाजूला रोहिणीबाई, दुसऱ्या बाजूला आमिनाबी, पुढ्यात सीताफळं. गहिनीनाथराव दारात आले. चेहरा उतरलेला, टोपी हातात. त्यांच्या मागं धुळीनं माखलेले अण्णा, मामा, तानाजीराव, मेव्हणा, सगळे गोळा झाले. टेकायला जागा उरली नव्हती.

गीताबाईंनी वर पाहिलं.

"या," त्या म्हणाल्या. "सुपारी फोडायची हाय. जरा अ‍ॅडजस्ट करून उभे ऱ्हावा."

लग्न उन्हाळ्यात झालं. अंगदच्या अंगणात आता नळाला पाणी येतं, तरी तो पहाटे सवयीनं पिंपं बघून येतो आणि वैष्णवी त्याला त्यावरून चिडवते. दोघी विहिणी दर दिवाळीत एकमेकींकडं जातात, सीताफळं आमिनाबीचीच असतात. बिभीषणअण्णा पुढच्या निवडणुकीत पडले. बद्रीनाथमामांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, पाय छान वाकतो, पण खिडकी अजून त्यांनाच लागते. गहिनीनाथराव तेव्हापासून गाडी कुठलीही असो, आधी बायकोला बसवतात आणि दार लागेपर्यंत बाहेर उभे राहतात.

चाँदनं नवी गाडी घेतली. पण गिअर टाकण्याआधी तो आरशात बघून विचारतो, "गीताकाकू बसल्या का?" काकू त्या दिवशी गावातच नसल्या तरी विचारतो. उतारूंनाही त्याची इतकी सवय झाली आहे की ज्यांनी गीताबाईंना जन्मात पाहिलेलं नाही, तेही उत्तर देतात.

परवा गीताबाई लेकीकडं निघाल्या होत्या. गहिनीनाथराव खाली त्यांची पिशवी धरून उभे. चाँदनं आरशात बघून विचारलं आणि आतून कुणी अनोळखी माणूस जांभई देत म्हणाला, "बसल्या, बसल्या. निघा आता."

एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून गीताबाई म्हणाल्या, "न्हाई अजून."